कुठल्या नदीचं?

जबलपूरच्या ओमतीतल्या आमच्या घरी कुणी झाकलेली बादली घेऊन आलं, की मी आधी परातीत दोन बोटं पाणी घेतो. बादलीत बहुधा मऊ पाठीच्या कासवाचं पिल्लू असतं, शोभेच्या माशांच्या दुकानातून सोडवलेलं. दुकानदाराने सांगितलेलं असतं, "चायना का है." देशी म्हटलं तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, म्हणून सगळीच चीनची.

खरं चिनी पिल्लू उलटं केलं की नारिंगी पोट दिसतं, त्यावर काळे डाग. ते नसेल तर मी मागच्या पायांकडे बघतो. पोटाच्या कवचाला तिथे दोन मऊ झडपा असतील आणि पाय आत घेताच त्या मिटत असतील, तर ती गंगेकाठच्या लोकांची 'सुंदरी'. तिच्या पाठीवर पिवळे ठिपके असले तर ती सिंधू-गंगेच्या खोऱ्यांकडची. दख्खनेतल्या सुंदरीची पाठ कोरी असते.

झडपा नसतील तर काम अवघड. मान लांब असते, वळून चावतं. कवच अगदी मागच्या कडेला, पायांजवळ धरायचं. आणि आधी डोकं बघायचं, मग पाठ. हे मी फार उशिरा शिकलो.

सुरुवातीच्या वर्षांत एका पिल्लाच्या पाठीवर चार गोल डोळे होते, मोरपिसासारखे. मी बघताक्षणी 'मोरपंखी' म्हणालो. माझ्या शब्दावर ते गंगेकडे पाठवलं गेलं. पुढे एकदा फोटो नीट पाहिला. मोरपंखीच्या डोक्यावर पिवळे धब्बे असतात, याच्यावर एकही नव्हता. डोळ्यांमधून मानेकडे गेलेली काळी रेघ होती आणि तिला फुटलेल्या तिरक्या रेघा. ते लीथचं कासव होतं, गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतलं. त्याच्याही पिल्लांच्या पाठीवर असेच डोळे असतात. वयाबरोबर ते पुसट होतात, डोक्यावरच्या खुणा मात्र कामाला येतात. ग्रे यांनी १८७२मध्ये या जातीचं वर्णन केलं, ते पुण्याच्या नमुन्यावरून. माझे आजोबाही पुण्याचेच. ते जबलपूरला आले ते स्वतःच्या मर्जीने. त्या पिल्लाला मी परक्या पाण्यात धाडलं. अजून ते मनातून जात नाही.

नर्मदेतल्या 'कटहवा' कासवाच्या डोक्यावरही अशाच काळ्या रेघा असतात. त्यामुळे आता शंका असली की मी नाव सांगत नाही. फोटो काढतो, डोक्याचा, पोटाचा, पाठीचा, आणि दुकानदाराला माल कुठून आला ते पुन्हा विचारायला लावतो. कुणाला हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

काल वनरक्षक एक सुंदरी घेऊन आला. परातीत ठेवली तर तिने लगेच नाक वर काढलं.

"ग्वारीघाटला सोडून देऊ, मास्टरजी? नर्मदामैया जवळच आहे."

"नको," मी म्हटलं. "पाठ बघ तिची. ठिपके आहेत."