चारा जित्ता पाहिजे

गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी आम्हा सगळ्यांचा पत्ता एकच, जिल्हा चंद्रपूर. म्हाताऱ्यांच्या तोंडी तर चांदाच. नागभीडचे असा की ब्रह्मपुरीचे, वडशाचे की आरमोरीचे, मृगाची पहिली सर पडली की आम्हा पोरांचं काम ठरलेलं. न्हाणीमागची ओली माती उकरायची आणि गांडुळं काढायची. मासे घरात सगळेच चवीने खात, पण गांडुळांचा डबा दिसला की आजी देवघराचं दार लोटून घ्यायची.

डबा डालडाचा. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. आत माती तीच, जिथून गांडूळ काढलं तिथली, आणि वर केळीच्या पानाचा ओला तुकडा. उन्हात ठेवायचा नाही, चुलीपाशी न्यायचा नाही, राखेचा हात लावायचा नाही. "चारा जित्ता पाहिजे," आबाजी बजावत. मेलेल्या चाऱ्यावर खेकडा येतो, मरळ येत नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

गांडूळ हा झाला पहिलीचा धडा. रोवण्याच्या दिवसांत बांधी भरून वाहू लागली की धुऱ्याच्या फटीशी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा धरायचा. त्यात बोटाएवढ्या मासोळ्या येत, झिंगे येत, कधी पाणकिडेही. मासोळ्या पाण्याच्या गंजात आणि झिंगे ओल्या गवतात ठेवायचे. मासोळीला गळ लावायचा तो पाठीवरच्या पराखाली, कण्याच्या वरून, नुसत्या मांसातून. कण्याला टोक लागलं की ती गेलीच. वाहत्या पाण्यात, वैनगंगेवर वगैरे, ओठातून लावायची, म्हणजे धारेला तोंड करून राहते. झिंग्याला शेपटीत. बेडकीला मांडीच्या कातडीत. हे मात्र आईला कधी पटलं नाही, आणि आज लिहिताना मलाही नकोसं वाटतं. गांडूळ पूर्ण ओवायचं नाही, शेपूट वळवळत सोडायचं. हात हलका हवा आणि ओला हवा. हे सारं आमच्या घरात आलं ते ढिवर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांकडून. ते शिकवत कमी, ओरडत जास्त.

काठी वाडीतल्या बांबूची. गळ आठवडी बाजारातला, आणि बोथटला की फेकायचा नाही, दगडावर घासायचा. तंगूस आला त्याआधी सुती दोरी होती. येनाची साल उकळून त्या काढ्यात बुडवली की ती लवकर कुजत नसे. तरंगायला मोरपिसाचा दांडा. एवढ्या सरंजामात पैशाची वस्तू एकच, तो गळ.

आणि मरळ! तिला श्वासासाठी हवा लागते, म्हणून ती अधूनमधून वर येऊन घोट घेते. पाणी तिथे फुटलं की जागा कळली. कमळपानांच्या कडेला चारा अलगद सोडायचा, काठावर सावली पडू द्यायची नाही. तिने चारा धरला की हिसडा द्यायचा नाही, इथेच शहाणे फसत. ती आधी नुसता धरून आडोशाला नेते, मग गिळते. तेवढा वेळ दोरी सैल सोडायची. आबाजी तोंडातली सुपारी चघळून होईपर्यंत थांबत. वाघूर, शिंगूर यांचं तंत्र वेगळं. संध्याकाळी बेशरमाच्या बुडाशी गऱ्या बांधून यायचं आणि पहाटे काढायच्या, शिंगुराच्या विषारी काट्याला जपून. घरी आई मरळीला चुलीतली राख लावून बुळबुळ घालवायची. गांडुळाला वर्ज्य असलेली राख माशाला अशी चालायची. मग आंबाडी, जवसाचं तेल, वरून सांबार, आणि सोबत नव्या तांदळाचा भात.

हे कसब कुणी बंद केलं नाही, ते आपोआप मागे पडलं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पुढे मच्छिमार संस्थांना ठेक्याने मिळाले. संस्थांनी कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं. बीजाचं पैसे देणारं पीक हवं, तर ते खाणारी मरळ नको. त्यांचंही चुकलं नाही, पोट त्यावरच आहे. पण रोहूला कणकेचा गोळा पुरतो, ढेप पुरते. जित्ता चारा सांभाळायची गरजच उरली नाही. कणकेने मासे धरणाऱ्यांनी रागावू नये, पण त्याला मी बसून राहणं म्हणतो, मासेमारी म्हणत नाही. गंमत म्हणजे सिरोंच्यापलीकडे, प्राणहिता ओलांडली की, तेलंगणाने याच मरळीला राज्यमासा ठरवलं आहे.

पोळ्याला गावी गेलात आणि गरी टाकावीशी वाटली, तर आधी संस्थेला विचारा. पाण्यावर केशरी पिलांचा घोळका हलताना दिसला, तर त्या काठाला गरी टाकू नका. खाली मरळीची जोडी राखणीला असते आणि जवळ जे हलेल त्यावर झडप घालते, म्हणून ती हमखास लागते. ती निघाली की पिलं उरत नाहीत.