बर्फीची वाटी

ज्या घरात छोटं कुत्रं आहे त्या घरात एक भांडण हमखास असतं. एका पक्षाचं म्हणणं, वाटी दिवसभर भरलेली ठेवा, भूक लागेल तेव्हा ते खाईल. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा मोजून द्या आणि वाटी उचला. आमच्याकडे पहिल्या पक्षाची अध्यक्ष आई आणि दुसऱ्या पक्षाचा एकमेव सभासद मी. बाबा तटस्थ. म्हणजे दोघांनाही हो म्हणतात आणि चहाच्या वेळी गुपचूप बिस्किट देतात :)

वादाचा विषय बर्फी. वय तीन वर्षं, वजन 5 किलो, रंग नावाप्रमाणे. सोसायटीत सगळे तिला पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडे पॉमेरियन म्हणून फिरणारी बहुतेक मंडळी इंडियन स्पिट्झ असतात, तशीच ही.

आधी आईची बाजू सांगतो, कारण ती नुसत्या मायेवर उभी नाहीये. बर्फी दोन महिन्यांची असताना घरी आली तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं की हिचं पोट रिकामं राहू देऊ नका, दिवसातून चार-पाच वेळा द्या. छोट्या जातीच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा अगदी कमी असतो. काही तास खाणं चुकलं तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, कधी फिटसुद्धा येते. असं झालं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तडक डॉक्टरकडे पळायचं. त्या वयात भरलेली वाटी म्हणजे लाड नाहीत, खबरदारी आहे. आईने ती इतकी मनापासून घेतली की रात्री दोनला उठून वाटी बघायची.

पण तीन-चार महिन्यांनंतर हा धोका ओसरत जातो, आणि वाटी मात्र तिथेच राहते. बर्फी पाच महिन्यांची झाल्यावर मी वाटी उचलायचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "अरे, आपण तिघं पोटभर जेवणार आणि तिने घड्याळाकडे बघत बसायचं? मुक्या जिवाला असं मोजूनमापून घालतात का कधी?" हे वाक्य आजीकडून आलेलं आहे, त्यामुळे त्याला अपील नाही. आमच्या घरात मोजून वाढणं म्हणजे चिक्कूपणा. पाहुण्याच्या पानात एक पोळी नको म्हणाल्यावर वाढायची असते, त्याआधीची मोजत नाहीत.

मग मी इंजिनिअर लोक करतात तेच केलं. आकडे काढले.

कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत किती ऊर्जा लागते त्याचं डॉक्टर लोक वापरतात ते सूत्र सोपं आहे: वजनाचा पाऊण घात, गुणिले 70. (हा पाऊण घात मॅक्स क्लायबरने 1932 साली मांडला. उंदरापासून बैलापर्यंत साधारण लागू पडतो.) बर्फीचे येतात 234 कॅलरी. ऑपरेशन झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला 1.6 ने गुणतात, म्हणजे दिवसाला साधारण 375. तीस किलोच्या लॅब्रेडॉरचे याच हिशेबाने 1435 होतात. किलोमागे पाहिलं तर बर्फीला लॅबपेक्षा जास्त लागतं, 75 विरुद्ध 48. पण एकूण बजेटच इतकं छोटं की चुकायला जागा नाही. ग्लुकोजची दोन बिस्किटं म्हणजे 45-50 कॅलरी, तिच्या दिवसाचा आठवा हिस्सा. माझ्या दिवसाचा आठवा हिस्सा म्हणजे एक वडापाव! बाबांच्या तटस्थपणाची किंमत रोज एक वडापाव आहे, हे त्यांनाही ऐकून नवल वाटलं.

आणि हे वजन कुठे जाऊन बसतं? छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकणं आणि श्वासनलिका चपटी होणं हे दोन्ही त्रास बरेच दिसतात, आणि अंगावरच्या चरबीने दोन्ही वाढतात. आयुष्याचं म्हणाल तर 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकाच वितीतल्या लॅब्रेडॉर पिल्लांच्या 24 जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 13 वर्षं निघालं, दुसऱ्यांचं 11.2. ते लॅब होते, स्पिट्झ नव्हे, हे कबूल. पण पावणेदोन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सगळं किती खायचं याबद्दल झालं, कधी खायचं याबद्दल नाही. दिवसभराचे दाणे सकाळीच मोजून वाटीत टाकले आणि वाटी खाली ठेवून दिली तरी कॅलरी तेवढ्याच. घरात एकच कुत्रं असेल, अंगाने सडपातळ असेल, आपला आब राखून खाणारं असेल आणि खाणं कोरडं असेल तर हेही चालून जातं. (आमच्याकडे पावसाळ्यात चालत नाही. दाणे सादळतात, मुंग्या येतात.) मग वेळेचा आग्रह कशाला?

याचं उत्तर मला माझ्या कामात सापडलं. आमच्याकडे सर्व्हर दर थोड्या वेळाने एक छोटासा मेसेज पाठवत असतो, 'मी ठीक आहे' एवढाच. त्याला हार्टबीट म्हणतात. मेसेजमध्ये काही नसतं, पण तो आला नाही की अलार्म वाजतो आणि कुणीतरी उठून बघतं. बोलता न येणाऱ्या प्राण्याकडे असा मेसेज पाठवायची एकच सोय आहे, ती म्हणजे जेवण. वाटी दिवसभर भरलेली असेल तर तो मेसेज कधी आला आणि कधी चुकला हे कळायला मार्गच नाही.

हे मी तत्त्व म्हणून आईला बरंच ऐकवलं, तिने ते बरंच कानाआड केलं. शेवटी तोडगा निघाला तो असा की बर्फी वेळेवर जेवेल, पण वाढणार फक्त आई. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात, 45 ग्राम आणि 45 ग्राम, माझ्या डिजिटल काट्यावर मोजून. उरलेल्या कॅलरी बाबांच्या खात्यावर. बर्फी दोन मिनिटांत वाटी चाटून पुसून लख्ख करते.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी मी ऑफिसात कॉलवर होतो आणि आईचे लागोपाठ तीन फोन. "बर्फीने वाटीला तोंड लावलं नाही." मी विचारलं, खेळली का? खेळली. शेपटी हलवतेय? हलवतेय. मग बघू सकाळी, असं बाबा मागून म्हणत होते. आई म्हणाली, "वाटी अशी कधी सोडत नाही ती. मी रिक्षा बोलावलीये, तू तिकडेच ये."

ताप 104. (कुत्र्याचा 102.5 पर्यंत नॉर्मल असतो.) हिरड्या फिकट. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खाली आलेल्या. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीचा ताप. एवढ्या दाट केसांत गोचीड आम्हाला कधी दिसली नव्हती, ती सापडली पायाच्या दोन बोटांच्या मध्ये. 28 दिवस गोळ्या चालल्या आणि बर्फी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. उशीर झाला की प्लेटलेट्स आणखी घसरतात, नाकातून रक्त यायला लागतं, आणि पाच किलोच्या जिवात झुंजायला फार काही शिल्लक नसतं.

मी रिक्षाने परत येताना हिशेब करत होतो. वाटी भरलेली असती तर? दाणे तसेच राहिलेले पाहून बाबांना वाटलं असतं आईने पुन्हा भरली असेल, आईला वाटलं असतं दुपारी खाल्लं असेल. दोन दिवस तरी सहज गेले असते.

असो. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन जेवणं, मध्ये साधारण बारा तास. वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग उचला. अगदीच चिमुकलं, दोन-अडीच किलोचं असेल तर तीन जेवणं करा. पहाटे पिवळं पाणी ओकत असेल तर झोपण्यापूर्वी दोन घास द्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. डायबेटिस असेल तर जेवणाची वेळ इन्सुलिनबरोबर डॉक्टर ठरवतील, आपण नाही. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत. मोठ्या कुत्र्याने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, आणि पिल्लू असेल तर काही तासही नाही. फ्लॅटवाल्यांना बोनस म्हणजे खाण्याची वेळ ठरली की खाली न्यायची वेळही ठरते. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

आणि उद्या रविवार आहे, तर एक करा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग त्याला खाली ठेवून एकट्याचं वजन करा, वजाबाकी करा. नंतर त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा. हाताच्या पालथ्या बाजूची हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर छान. शोधाव्या लागल्या तर वाटीबद्दल घरात बोलायची वेळ झालीये. फक्त बोलताना काटा त्याच माणसाच्या हातात द्या, ज्याला मोजणं पटत नाही. आमची आई अजूनही म्हणते की मोजणं वाईटच. पण गेल्या महिन्यात तिने बर्फीचं वजन कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायला सुरुवात केलीये.