आम्झचे एकवचन

इंग्रजीत एक शब्द आहे. स्पेलिंग ए-एल-एम-एस. त्यातला एल मुका, म्हणून उच्चार ‘आम्झ’. रोजच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. जुन्या गोष्टींत, धर्मग्रंथांच्या भाषांतरांत आणि आमच्या मुलांच्या उताऱ्यांत भेटतो. गरिबाला दिलेला पैसा, धान्य, कपडा असा त्याचा अर्थ.

त्याचे व्याकरण गमतीचे आहे. शेवटी एस म्हणून त्याला अनेकवचन धरतात, क्रियापदही तसेच लावतात. पण एस काढून एकवचन करायला जावे तर तसा शब्दच नाही. दोन आम्झ, पाच आम्झ असे मोजताही येत नाही. खरे तर हा एस अनेकवचनाचा नव्हताच. ग्रीक भाषेत दयेला ‘एलेओस’ म्हणतात. त्यावरून दया, दान या अर्थाचा ‘एलेइमोसिनी’ हा लांबलचक शब्द झाला. लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत येता येता तो ‘एल्मेसे’ झाला आणि झिजत झिजत एवढासा उरला. 1611 च्या इंग्रजी बायबलात तो एके ठिकाणी ‘अ‍ॅन’ लावून एकवचनी वापरलेला आहे. संपत्तीसाठी असलेला ‘रिचेस’ हा शब्दही असाच. फ्रेंचमधले एकवचन इंग्रजीत येऊन अनेकवचन झाले. श्रीमंताची दौलत आणि गरिबाला दिलेले दान, दोन्ही शब्दांची एकच गत!

आपल्याकडे याच्या उलट झाले. अरबीत ‘हाल’चे अनेकवचन ‘अहवाल’ आणि ‘कायदा’चे ‘कवाइद’. मराठीत अहवाल एकवचनी झाला आणि कवाइदची ‘कवायत’ झाली. उर्दूत कवाइद म्हणजे व्याकरण. त्यामुळे मराठीच्या पुस्तकात कवायत मैदानावर चाललेली पाहून आमच्या मुलांना हसू येते.

एवढे व्याकरण मुले चटकन शिकली. अडचण अर्थाची झाली. गाईडमध्ये छापले होते, ‘आम्झ म्हणजे भीक, खैरात.’ एका मुलाने विचारले, “मिस, जकात भी आम्झच ना?” मी उत्तर देण्याआधी दुसरा म्हणाला, “हां तो! डिक्शनरी में लिखेला है.” तास संपला. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने चार कोऱ्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मोहल्ल्यातल्या जकातीच्या पैशांतून त्या शाळेत वाटल्या होत्या. “भीक की कापियां नक्को मेरेकू,” एवढेच ती म्हणाली.

वह्यांशिवाय तिचे वर्ष कसे जाणार होते? म्हणून त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर शब्द लिहीत गेले. भीक, भिक्षा, माधुकरी, दान, खैरात, सदका, फित्रा, जकात. या सगळ्यांसाठी इंग्रजीत तो एकच शब्द चालवून घेतात. पण मुंजीतल्या बटूने मागितलेल्या भिक्षेला कोणी भीक म्हणत नाही. माधुकरी मागून शिकलेले किती तरी विद्यार्थी महाराष्ट्रात नावारूपाला आले. एक मुलगा म्हणाला, “मिस, मराठीत जकात तर नाक्यावर भरायची ना?” वर्ग हसला. महापालिकेची ती जकात वेगळी. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा मुंबईतलीही संपली, थांब्यांची नावे मात्र ‘जकात नाका’ अशीच राहिली.

मग सूरह तौबाची साठावी आयत सांगितली. तिथे ‘सदकात’ हा अनेकवचनी शब्द आहे आणि आठ प्रकारचे हकदार मोजून दिले आहेत. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या अब्दुल्ला यूसुफ अलींनी आपल्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘आम्झ’ हाच शब्द घातला. पण ग्रीक शब्दाच्या मुळाशी दया आहे, तर सदक्याच्या मुळाशी ‘सिद्क’, म्हणजे खरेपणा. जकातीच्या मुळाशी शुद्ध होणे आणि वाढणे. चाळीस रुपयांतला एक रुपया काढला म्हणजे देणाऱ्याचे उरलेले एकोणचाळीस शुद्ध होतात. सूरह मआरिजमध्ये तर मागणाऱ्याचा आणि वंचिताचा मालात ठरलेला ‘हक’ आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मराठीतला हक्क तोच. आपला हक्क घेणाऱ्याला भिकारी कसे म्हणायचे?

मुलीने सगळे नीट ऐकले. मग म्हणाली, “मिस, हक है तो देते वक्त फोटो कायको काढते?”

याला व्याकरणात उत्तर नव्हते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. बायबलातही आहे, आणि 1611 च्या इंग्रजीत नेमकी ‘आम्झ’ या शब्दासोबत आहे. मुलीने न वाचताच ती ओळखली होती.

तिचा प्रश्न मी कमिटीच्या बुजुर्गांपुढे तिचे नाव न घेता ठेवला. थोडी कुरबूर झाली. पावती हवी, देणगीदारांना दाखवायला काही तरी हवे, असे कोणी म्हणाले. शेवटी एक हाजीसाहेब म्हणाले, “पावती लो, तस्वीर रहने दो.” पुढच्या जूनमध्ये वर्ग उघडला तेव्हा प्रत्येक बाकावर वह्यांचा संच ठेवलेला होता. ज्यांना जकात लागू नव्हती, त्यांच्या वह्या लिल्लाहच्या पैशांतून घेतल्या होत्या. कोणता संच कोणत्या पैशाचा, हे मुलांना कळायला मार्ग नव्हता. त्या मुलीने आपल्या वहीवर नाव घातले, कव्हर चढवले आणि पहिल्या पानावर तारीख टाकली.