ब्लूबेरीचं विरजण

आमचं नाशिक द्राक्षांचं. सुलाची वाइन २००० साली बाजारात आली, पण आमच्या घरात वाइन म्हणजे शेवटी दारूच! त्यामुळे अमेरिकेत लेक घरीच ब्लूबेरीची वाइन करतो हे कळलं तेव्हा काळजात चर्र झालं.

तिकडे गेल्यावर पाहिलं, तर सगळा प्रकार विरजणासारखा. ब्लूबेरीच्या गराचा डबा, साखर, पाणी आणि यीस्ट. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुडत निघून जातो. गरात पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट वाढत नाही, म्हणून लेक आधी डब्यावरचं लेबल वाचतो. तिथल्या केंद्राच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर वाइन स्वतःपुरती करता येते. इथे मात्र, द्राक्षांच्या गावात, परवान्याशिवाय केली तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो!

"आई, आता काही महिने मुरू द्यायची," लेक म्हणाला. शाळेत अर्धा पेपर टाकून उठणारा हा मुलगा! काळजी पुरती गेली नाही, पण कौतुकही वाटलं. मी थेंबभरही चाखली नाही. बाटल्यांवरच्या तारखा मात्र माझ्या अक्षरात आहेत बरं का!