पडल्यावर काय?

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरचे वेड लागावे, हा योग आमच्या पत्रिकेत नसावा. पण लागले खरे! मित्राच्या मोबाइलवर रेडिओवर चालणारे एक चिमुकले हेलिकॉप्टर उताणे होऊन गवताच्या शेंड्यांवरून जाताना पाहिले आणि ठरवले, हे आपल्यालाही जमले पाहिजे.

पहिली खरेदी उतावळेपणाची. शिकवणीच्या महिन्याभराच्या पैशांत एकावर एक दोन पंखे असलेले हेलिकॉप्टर आणले. पंखे परस्परविरुद्ध फिरत असल्याने ते मोठे गुणी. सोडाल तिथे तरंगत राहते. पण कोलांटीचे नाव नको! त्याच्या पात्यांचा कोन कायमचा. उलटे झाले, की तीच पाती त्याला जमिनीकडे ओढणार. उताणे उडायचे तर पात्यांचा कोन उडता उडता शून्याखालीही नेता यावा लागतो, हे ज्ञान मला पैसे गेल्यावर झाले. यथावकाश वाऱ्याच्या एका झुळकीने ते शेजारच्या कौलांवर नेऊन ठेवले.

मग नजर गेली ती एका मोठ्या, जुन्या यंत्राकडे. एकेक पाते ३२५ मिलिमीटरचे! किंमत ऐकून छाती दडपली, तरी मन निघेना. रात्री जेवताना विषय काढला. अण्णा एस. टी.च्या आगारात मेकॅनिक होते. पहिल्या वर्षी माझा अर्थशास्त्राचा पेपर राहिला, तेव्हा ते काही बोलले नव्हते. आताही बोलणार नाहीत असे वाटले.

"किती वेळा पडेल?" त्यांनी विचारले.

"शिकेपर्यंत... पुष्कळदा."

"मग सुटे भाग कितीला मिळतात ते आधी विचारून ये. गाडी घ्यायची ती दुरुस्तीचा हिशेब करून."

दोन दिवस तो हिशेब मांडला. मोठे यंत्र एकदा आपटले, की पाती, मुख्य दांडा, शेपटीची नळी अशी वरातच निघायची. उलट शंभर ग्रॅमच्या आतले, पण पात्यांचा कोन बदलणारे यंत्र गवतात पडले तर पुष्कळदा झटकून पुन्हा उडवता येते. वजनच नाही, तर आपटणार किती? मोडलेच तर पाती नि दातेरी चाक स्वस्तात मिळते. टिकाऊ म्हणजे जाडजूड, ही माझी समजूत तिथे मोडली. शेवटी एक्सके के-११० घेतले. त्याला एक खटका आहे. एकीकडे केला तर यंत्र आपण होऊन सरळ होते; दुसरीकडे केला, की सारा भार आपल्यावर!

आधी महिनाभर संगणकावरच्या खोट्या आकाशात पडून घेतले. तिथल्या पडण्याला पैसे पडत नाहीत. मग मैदान. प्रथम शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगणे, नंतर नाक आपल्याकडे. तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि भल्याभल्यांची बोटे चुकतात. पडतेसे दिसताच आधी मोटार बंद करायची, नाहीतर चाकाचे दाते जातात. अण्णा कडेला सुट्या भागांची डबी घेऊन बसत. पात्यांची सातवी जोडी बसवली त्या संध्याकाळी कोलांटी पूर्ण झाली. अण्णांनी मुकाट्याने डबीचे झाकण लावले.

ऑक्टोबरात अर्थशास्त्राच्या पेपराला पुन्हा निघालो. दारात अण्णांनी खिशात आणखी एक पेन खोचले.

म्हणाले, "सुटा भाग जवळ असावा."