नाव टिकंल का, वहिनी?

कोल्हापुरातलं आमचं रेडियमचं दुकान बरीच वर्षं गाड्यांच्या नंबर प्लेटवर चाललं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शोरूममधूनच हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसून येऊ लागली आणि ते काम झपाट्यानं आटलं. हाताशी व्हिनाइल कापणारा प्लॉटर होता, रंगीत व्हिनाइलचे रोल होते, अक्षरांची नजर होती. गाड्यांवरच्या डिझाइनचं काम मिस्टरांनी सांभाळलं आणि मी स्टीलच्या टम्बलरवर नावं घालायला सुरुवात केली. डोहाळजेवण, मुलांचे वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ अशा निमित्तानं माणसं येऊ लागली. रंग, अक्षरं, भाव ठरायच्या आधी बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "वहिनी, नाव टिकंल का?"

हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायचं ते जन्मभरासाठी. लग्नात दिलेल्या घागरीवर, ताटावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख मशीननं कोरून घ्यायची रीत घरोघरी आहे. माझ्या सासूबाईंच्या पातेल्यावरची अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. गिऱ्हाइकाच्या मनात माप असतं ते या कोरीव नावाचं. मी देते ती मात्र साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म, आणि तिला धरून ठेवणारा गोंद. त्यामुळे ती किती टिकेल आणि कशानं टिकेल, हे नीट समजून घेणं मला माझं कामच वाटलं.

सुरुवातीला सगळे मला एकच सांगत : वरून काहीतरी मारा. कोणी लॅकरचा स्प्रे सुचवायचं, कोणी रेझिन. मी घरच्याच वापरातल्या टम्बलरवर नावं लावली. काहींवर लेप दिला, काही तसेच ठेवले आणि सगळे रोजच्या चहापाण्याला, घासायला, मुलांच्या दप्तरात जाऊ दिले. त्यातून मला पटलं ते असं : नाव टिकतं ते खालच्या पकडीवर. लेप ती पकड राखू शकतो, नसलेली पकड निर्माण करू शकत नाही.

पकडीची सुरुवात स्वच्छतेपासून होते. नवा टम्बलर कितीही चकचकीत असला तरी त्यावर कारखान्यातलं तेल आणि हाताळणाऱ्यांच्या बोटांचा ओशटपणा असतोच. मी तो साबणानं धुते, पूर्ण कोरडा करते आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेते. पुसल्यावर त्या जागी बोट लावायचं नाही. पावसाळ्यात गार स्टीलवर हवेतली ओल बसते, म्हणून टम्बलर आधी खोलीच्या तापमानाला येऊ देते. प्लॅस्टिकच्या स्वस्त बाटल्या घेऊन कोणी आलं तर मी आधीच सावध करते. अशा बाटल्यांच्या पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनवर साधा गोंद नीट पसरत नाही. स्टीलवर आणि पावडर कोटिंगच्या गुळगुळीत रंगावर तो चांगला पसरतो.

दुसरी गोष्ट व्हिनाइलची जात. गरम रुळांतून लाटून केलेलं कॅलेंडर्ड व्हिनाइल स्वस्त असतं, पण ताणून बनलेलं असल्यामुळे काळानं आकसतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ दिसू लागते. पातळ ओतून वाळवलेलं कास्ट व्हिनाइल महाग पडतं, पण गोलाईवर शांतपणे बसतं. सपाट पाटीसाठी पहिलं पुरतं. टम्बलरचा गोलावा फार असेल तर मी दुसरंच वापरते, आणि गोंद कायमस्वरूपी चिकटणाराच घेते. भिंतीवरून सहज निघावा म्हणून बनवलेल्या स्टिकरचा गोंद पाण्यासाबणाला पुरत नाही.

तिसरी गोष्ट अक्षरांची, आणि इथे देवनागरीनं मला फार साथ दिली. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकसंध निघतं. इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटं, म्हणजे प्रत्येकाला उचकटायला स्वतःची टोकं. मराठी नावात ती टोकं कमी होतात. त्यासाठी कोरलड्रॉमध्ये अक्षरं वेल्ड करावी लागतात, नाहीतर प्लॉटर प्रत्येक जोडावर आडवी चीर पाडतो. कसोटी लागते ती अनुस्वाराची. 'आनंदी'वरचा ठिपका सगळ्यांत लहान, म्हणून घासणीला सगळ्यांत आधी बळी पडणारा. मी अनुस्वार थोडा मोठा ठेवते आणि शिरोरेषेला बारीक दुव्यानं जोडते. वेलांट्यांची अणकुचीदार टोकं गोल करते, कारण सोलवटायला सुरुवात टोकापासून होते. ब्लेड बोथट असेल तर कडा फाटक्या निघतात आणि तिथंच मळ शिरतो. म्हणून ब्लेड बदलायला मी हयगय करत नाही.

लावतानाही युक्ती आहे. टम्बलर वर रुंद, खाली निमुळता असेल तर सरळ नाव लावल्यावर त्याची दोन्ही टोकं काठाकडे चढलेली दिसतात. म्हणून कापतानाच त्याला किंचित कमान देते. टेपवर उचललेलं नाव मध्यापासून कडांकडे पट्टीनं दाबत न्यायचं, टेप अगदी तिरकी ओढून सोडवायची, मग हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन पुन्हा प्रत्येक टोक बोटानं दाबायचं. हा गोंद दाबानं काम करणारा. तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू उतरतो आणि त्याची पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. आज लावलं आणि आजच घासलं, तर चांगल्यातलं चांगलं कामही वाया जातं. म्हणून घाईची ऑर्डर मी घेत नाही.

आता लेपाकडे. लॅकर व्हिनाइलला मानवेलच असं नाही. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं प्लॅस्टिसायझर काळानं वर येतं आणि लेप चिकट होतो किंवा तडकतो. इपॉक्सी रेझिन दिसायला देखणं. काचेसारखी चकाकी येते आणि नावाची कड हाताला लागेनाशी होते. पण ते मापातच कालवावं लागतं, ओघळू नये म्हणून टम्बलर मोटरवर तासन्‌तास सावकाश फिरता ठेवावा लागतो, आणि पूर्ण पक्कं व्हायला काही दिवस जातात. आमच्या पावसाळी हवेत हार्डनर ओल धरतो आणि वर ओशट, पांढुरका थर येतो. कच्च्या रेझिननं त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे आणि उघड्या खिडक्या यांत तडजोड नाही. काठाजवळचा, ओठ लागतात तो भाग मी नेहमी कोरा सोडते. तिथे ना लेप, ना स्टिकर.

रेझिनलाही उष्णता सोसत नाही. हस्तकलेसाठी मिळणारी पुष्कळ रेझिनं साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतात, आणि उन्हानं पिवळटही होतात. म्हणून टम्बलर दुहेरी भिंतीचा आहे की एकेरी, हे मी आधी पाहते. दोन भिंतींमधली हवा काढलेली असेल तर आत उकळता चहा असूनही बाहेरची बाजू गार राहते आणि नाव सुखरूप राहतं. एकेरी स्टीलच्या पेल्यात तोच चहा ओतला की व्हिनाइल आणि गोंद दोन्ही तापतात. अशा पेल्यावर मी नाव लावून देत नाही.

घरच्या वापरात सगळ्यांत मोठा शत्रू निघाला तो तारेची घासणी. त्याखालोखाल रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं. ज्यांच्याकडे डिशवॉशर आहे, त्यांच्या यंत्रातलं कढत पाणी आणि तीव्र साबण. यांतून वाचलेली, नीट लावलेली नावं लेपाशिवायही चांगली राहिली. म्हणून प्रत्येक डब्यात मी मराठीत छापलेली चिठ्ठी घालते : तीन दिवस पाणी लावू नका, मऊ स्पंजनं हातानं धुवा, भिजत ठेवू नका, तापलेल्या गाडीत विसरू नका. पैसे घेण्याआधी ती वाचूनही दाखवते.

काही माणसांना मात्र नाव पुढच्या पिढीपर्यंत पोचवायचं असतं. आजीच्या पंचाहत्तरीला, एखाद्या गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी ती टम्बलर घेतात. त्यांना मी लेझरनं कोरून घ्यायचा सल्ला देते आणि ते काम करणाऱ्या दुकानाचा पत्ताही देते. त्यात माझी ऑर्डर जाते, हे खरं. पण भांड्यावरच्या नावाला आपल्या घरांत जो मान आहे, तो राखणाऱ्याला "टिकंल" हा शब्द जपूनच द्यावा लागतो. जे नाव मी स्वतः लावते, त्यासाठी तो शब्द मी आज निर्धास्तपणे देते.