काही नाही, नुसता आवाज

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या भाच्याने मला ‘स्टार वॉर्स’ची दीक्षा दिली. १९७७ ते २०१९ या काळात आलेले मुख्य कथेचे नऊ चित्रपट, रोज एक. मी नाराजीनेच बसले. अख्खा ग्रह नष्ट करणारं शस्त्र बांधायचं आणि त्यात शत्रूसाठी एक कच्चा दुवा सोडायचा, हा प्रकार १९७७, १९८३ आणि २०१५ अशा तीन चित्रपटांत पाहिल्यावर खलनायकांच्या बांधकाम खात्याची कीव येऊ लागली. आणि बाप-लेकाचं ते गाजलेलं रहस्य महाभारतावर वाढलेल्या माणसाला कितीसं हादरवणार?

मन लागलं ते एकट्या सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवात. त्याला साठ लाखांहून अधिक संवादप्रकार येतात, आणि तरी त्याला कुणी धड बोलू देत नाही. म्हणजे आमच्याच धंद्यातला. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये त्याला जब्बाच्या दरबारात दुभाष्या नेमतात, तेव्हा आधीच्या दुभाष्याचा मालकाने राग येऊन चुरा केल्याचं त्याला कळतं. पुढे एक शिकारी पकडलेल्या कैद्याचे पन्नास हजार मागतो. थ्रीपीओ आकडा इमानदारीत सांगतो आणि जब्बाचा फटका खातो. मजकूर दुसऱ्याचा, मार भाषांतरकाराला. नऊ चित्रपटांत इतका वास्तववादी प्रसंग दुसरा नाही.

त्याच चित्रपटात रात्री जंगलातल्या इवोक लोकांना तो आतापर्यंतची सगळी कथा त्यांच्या भाषेत सांगतो, हातवारे आणि तलवारींचे आवाज काढत, कीर्तनकारासारखा. खाली उपशीर्षकं नाहीत, तरी सगळं समजतं. तिथे मी थोडी विरघळले, हे कबूल.

मग शेवटची लढाई. लँडोच्या शेजारी लोंबत्या गालांचा एक सहवैमानिक बसलेला असतो, निएन नंब. तो भराभर काहीतरी बोलतो, लँडोला ते कळतं, आपल्याला नाही. भाच्याने विचारलं, “मावशी, हा काय म्हणतोय?” मी म्हटलं, “काही नाही रे, नुसता आवाज आहे.”

पुढे कधीतरी वाचनात आलं की तो गिकुयू बोलत होता. अमेरिकेत राहणाऱ्या एका केनियन विद्यार्थ्याने ती वाक्यं म्हटली होती. पहिल्या चित्रपटातल्या ग्रीडोच्या बोलण्यामागे अँडीज पर्वतातली क्वेचुआ आहे, वाळवंटातल्या बुटक्या जावांच्या कलकलाटामागे वेग वाढवलेली झुलू. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांचा हिशेब मला कळतो. मनाने रचलेली बडबड लगेच पोकळ वाटते, खऱ्या भाषेला तिची लय असते. पण ही परग्रहावरची भाषा वाटेल, असं ठरवताना ऐकणारा कोण धरला होता? नैरोबीच्या थिएटरात बसलेला नक्कीच नाही.

आणि गिकुयू काही मला सर्वस्वी अनोळखी नव्हती. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला न्गुगी वा थिओंगो यांच्यावर मी पेपर लिहिला होता. १९७७ साली, म्हणजे पहिला ‘स्टार वॉर्स’ आला त्याच वर्षी, त्यांचं गिकुयू नाटक सरकारने बंद पाडलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांना पकडून नेलं. कामिती तुरुंगात त्यांनी त्या भाषेतली आपली पहिली कादंबरी टॉयलेट पेपरवर लिहिली. ती १९८० साली छापली गेली. तीनच वर्षांनी त्याच भाषेला हॉलिवूडमध्ये काम मिळालं, उपशीर्षकाविना.

परवा भाचा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, “मग तो काय म्हणतो, ते सांग.” त्याने प्रसंग पुन्हा लावला, मागे नेऊन चार वेळा. कान देऊन ऐकलं. एक शब्द सुटा करता आला नाही. न्गुगींची ती कादंबरी मी वाचली होती ती इंग्रजीत, त्यांनी स्वतःच केलेल्या भाषांतरात.

“थांब,” मी म्हटलं, “पुन्हा एकदा लाव.”